क्लिकवर वाजवलं की गिटार यांत्रिक होते?

‘क्लिक लावून वाजवलं की गिटारमधला जीव जातो’, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. (क्लिक म्हणजे मेट्रोनोमची ठरावीक वेगाने पडणारी टिकटिक.) सुरुवातीला सगळं लक्ष क्लिककडे लागतं आणि हात आखडतो, त्यामुळे तसं वाटणं साहजिकच आहे. पण क्लिक फक्त मात्रा दाखवतो. ८० बीपीएमला (मिनिटाला ८० मात्रा) दोन क्लिकांमध्ये ७५० मिलिसेकंद असतात. त्या जागेत स्ट्रोक किती जोरात घ्यायचा, तार कधी दाबून गप्प करायची, अपस्ट्रोक (खालून वर घेतलेला स्ट्रोक) किंचित उशिरा आणायचा का, हे सगळं वाजवणाराच ठरवतो.

पडताळून बघा. एकच रिफ (पुन्हा पुन्हा वाजणारा छोटा तुकडा) दोनदा रेकॉर्ड करा: एकदा नेमका क्लिकवर, एकदा क्लिकच्या जरासा मागे रेलून. मग क्लिक बंद करून ऐका. टेम्पो तोच, पण चाल वेगळी. वेव्हफॉर्म (स्क्रीनवर दिसणारा आवाजाचा आलेख) मोठा केला तर स्ट्रोक मात्रेच्या रेषेपासून किती सरकलाय तेही दिसतं. (दोन्ही वेळा सगळेच स्ट्रोक सारख्याच अंतराने मागे असतील, तर आधी कॉम्प्युटरची लेटन्सी, म्हणजे आवाज पोचायला लागणारा उशीर, तपासा.)

आता क्लिक ४० वर, म्हणजे निम्म्यावर, आणा आणि तो चार मात्रांपैकी दुसऱ्या-चौथ्या मात्रेवर पडतोय असं धरून तोच रिफ वाजवा. पहिली मात्रा आता तुम्हीच सांभाळायची. घाई कुठे होते ते इथे लगेच कळतं. बहुतेकदा कॉर्ड बदलताना.