निवाऱ्यातला कुत्रा दत्तक घ्यायचाय? अर्ज, कागदपत्रं आणि घरभेट

अर्ज दोन ठिकाणी करता येतो: निवारा चालवणाऱ्या संस्थेकडे, नाहीतर महापालिकेकडे. सर्वोच्च न्यायालयाच्या २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशानुसार भटका कुत्रा दत्तक घ्यायला पालिकेकडे अर्ज करता येतो. कुत्र्याला टॅग लावून तो ताब्यात देतात आणि तो पुन्हा रस्त्यावर येणार नाही, ही जबाबदारी अर्जदाराची. पहिल्यांदाच कुत्रा पाळणाऱ्याने संस्थेकडे जावं. तिथे कुत्र्याचा स्वभाव कुणीतरी रोज पाहिलेला असतो.

अर्जदार सज्ञान हवा आणि घरातल्या सगळ्यांची संमती हवी. ओळखपत्र, फोटो आणि सध्याच्या पत्त्याचा पुरावा लागतो. बरेच अर्ज इथेच अडकतात, कारण आधारवर पत्ता गावचा आणि राहणं पुण्यात. अशा वेळी वीजबिल किंवा नोंदणीकृत भाडेकरार जोडा. भाडेकरूने घरमालकाचं संमतिपत्र लेखीच घ्यावं. तोंडी ‘चालेल हो’ अकरा महिन्यांनी घर बदलताना कामाला येत नाही. सोसायटीला मात्र कुत्रा पाळण्यावर सरसकट बंदी घालता येत नाही. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाचं २०१५ चं परिपत्रक त्याबद्दलच आहे, त्याची प्रत जवळ ठेवा.

मग घरभेट. येणारा माणूस सोफा बघत नाही, गॅलरीचे गज बघतो: पिल्लाचं डोकं शिरेल तिथून बहुधा धडही जातं. कुत्रा दिवसात किती तास एकटा राहील, रात्री कुठे झोपेल, हेही विचारतात. ‘राखणीला हवाय, गच्चीवर बांधू’ म्हटलं की अर्ज तिथेच संपला समजा.

करारनाम्यात साधारण चार अटी असतात: नसबंदी, दरवर्षी रेबीजची लस, परस्पर दुसऱ्याला न देणं आणि जमलं नाही तर संस्थेकडेच परत आणणं. भुकेने-तहानेने हाल होतील अशा स्थितीत सोडून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ खाली गुन्हा आहे.

लसीच्या पुस्तिकेत बाटलीचं स्टिकर, तारीख आणि डॉक्टरांचा नोंदणी क्रमांकासह शिक्का आहे ना, ते जागेवरच तपासा. मालकाच्या रकान्यात संस्थेचं नाव असेल तर आपलं घालून घ्या, नाहीतर पालिकेचा परवाना काढताना पुन्हा खेटे. पिल्लू आठ आठवड्यांआधी आणू नये. लसीचा पहिला डोस वयाच्या सहा ते आठ आठवड्यांना, पुढचे डोस तीन ते चार आठवड्यांच्या अंतराने, रेबीजचा वयाच्या तीन महिन्यांनंतर. डोस पुरे होण्याआधी रस्त्यावर फिरवलेल्या पिल्लाला पार्व्होचा, म्हणजे जीवघेण्या विषाणूजन्य आजाराचा, धोका मोठा.

खर्च घेतलाच तर लस-नसबंदीचा, तोही पावतीवर. कुत्रा न दाखवता ‘गाडीभाडं आधी पाठवा’ म्हणणाऱ्याचा फोन ठेवून द्या.

नेताना गळपट्टा आणि हार्नेस (छातीभोवतीचा पट्टा) दोन्ही घाला, दोरी दोघांना वेगळी. गळपट्ट्यात दोन बोटं जातील एवढीच ढील ठेवा. रिक्षातून उतरताना बुजलेला कुत्रा मान मागे ओढून निसटतो, आणि ते बहुधा पहिल्याच दिवशी घडतं. म्हणून तुमचा नंबर असलेला बिल्ला निवाऱ्यातून निघण्याआधीच गळ्यात हवा.