प्रवाळ आणि शेवाळ: मालक कोण, सालगडी कोण?

सावजी रश्श्याच्या मसाल्यात दगडफूल पडतं. नावात फूल असलं तरी ते फूल नाही, आणि एकटा जीवही नाही. बुरशी आणि शेवाळ मिळून झालेली ती पापडी आहे. समुद्र आपल्या वावरापासून शेकडो कोस लांब, तरी अंगात शेवाळ बाळगणाऱ्या प्रवाळाची गोष्ट सांगायला दगडफूलच बरं. विज्ञानातही ती तिथूनच सुरू झाली.

१८६०च्या दशकाच्या अखेरीस सायमन श्वेंडेनर या स्विस वनस्पतिशास्त्रज्ञानं दगडफूल म्हणजे दोन जीव असल्याचं मांडलं. बुरशी मालक, शेवाळ तिचं गुलाम, असं तो म्हणाला. विदर्भात जन्मला असता तर त्यानं गुढीपाडव्याला ठरणाऱ्या सालगड्याचा दाखला दिला असता. दगडफुलाचे जुने अभ्यासक भयंकर चिडले. पुढे १८७८ मध्ये आंतोन द बारी यांनी अशा एकत्र राहण्याला ‘सिम्बायोसिस’ म्हटलं. त्यात परजीवीही धरलेले होते, म्हणजे गाय आणि गोचीडसुद्धा. मराठीतल्या ‘सहजीवन’ला मात्र लग्नपत्रिकेचा वास येतो, आणि तिथूनच गैरसमज होतो.

प्रवाळ हा प्राणी आहे हेच मुळात उशिरा पटलं. १७२०च्या दशकात पेसोनेल या फ्रेंच वैद्यानं तसं सांगितलं, तर पॅरिसच्या विद्वानांनी त्याला उडवून लावलं. त्यानं पाहिलं होतं ते लाल पोवळं, मंगळासाठी अंगठीत घालतात तेच. गंमत अशी की या पोवळ्यात शेवाळ नसतंच. ते भूमध्य समुद्रात अंधाऱ्या कपारींत आणि खोल पाण्यात वाढतं. शेवाळ सांभाळतात ते उथळ, उन्हाच्या पाण्यात खडक रचणारे प्रवाळ.

समुद्री प्राण्यांच्या अंगातल्या पिवळ्या पेशी म्हणजे वेगळं शेवाळ, हे कार्ल ब्रांट यांनी १८८१ मध्ये सांगितलं आणि त्याला ‘झूझँथेला’ नाव दिलं. पुढच्याच वर्षी पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश जीवशास्त्रज्ञांनी समुद्रफुलं, म्हणजे प्रवाळाचे नातलग असलेले प्राणी, उन्हात ठेवून त्यांतून प्राणवायू निघतो हे दाखवलं. त्यांनी दिलेलं नाव होतं ‘फिलोझून’, म्हणजे प्राण्यावर जीव लावणारं. हेच गेडिस पुढे नगररचनाकार म्हणून भारतात आले, नागपूरच्या नगररचनेचा अहवाल त्यांनी लिहिला आणि १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले. नागपुरात हे किती जणांना ठाऊक असेल कोण जाणे.

गेडिसच्या त्या प्रयोगाच्याच, म्हणजे १८८०च्या दशकात जर्मनीत हेल्रीगेल आणि विल्फार्थ यांनी शेंगवर्गीय पिकांच्या मुळांवरच्या गाठींचं कोडं सोडवलं. आपण पेरणीआधी सोयाबीनच्या बियाण्याला गुळाच्या पाण्यात कालवून रायझोबियम, म्हणजे त्या गाठींत राहणारे जिवाणू, लावतो, ते त्याच शोधाचं फळ.

प्रवाळात मात्र हिशेब लागायला वेळ लागला. शेवाळ मालकाला खायला घालतं का? १९२८-२९ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर वर्षभर मुक्काम ठोकून मॉरिस यंग या ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञांनी निकाल दिला: नाही. प्रवाळ शिकारीवर जगतो, शेवाळ फक्त त्याची घाण उचलतं. निष्कर्ष चुकला, पण त्याच मोहिमेत एक नोंद झाली. तापलेल्या पाण्यात काही प्रवाळ पांढरे पडले होते.

१९५८ मध्ये मस्कटीन आणि हँड यांनी किरणोत्सारी कार्बन वापरून समुद्रफुलावर प्रयोग केला. शेवाळानं उन्हात बनवलेलं अन्न यजमानाच्या अंगात उतरताना सापडलं. पुढे कळलं की प्रवाळाच्या ऊर्जेच्या गरजेचा नव्वद टक्क्यांपर्यंत वाटा या शेवाळाकडून येऊ शकतो. बदल्यात त्याला आसरा मिळतो आणि प्रवाळाच्या टाकाऊ पदार्थांतला नायट्रोजन, म्हणजे शेणखतच म्हणा.

पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा अंशभर जास्त तापून काही आठवडे तसंच राहिलं, की शेवाळाची अन्न करायची यंत्रणा बिघडते आणि घातक रूपातला ऑक्सिजन तयार होतो. मग प्रवाळ शेवाळाला बाहेर टाकतो. रंग बहुतेक शेवाळाचाच, म्हणून मागे उरतो पांढरा सांगाडा, वर पारदर्शक कातडी. लक्षद्वीपला हे १९९८, २०१०, २०१६ आणि २०२४ मध्ये झालं. पाणी लवकर निवलं तर शेवाळ परत येतं, नाही तर प्रवाळ उपाशी मरतो.

श्वेंडेनरचा प्रश्न अजून मिटलेला नाही. शेवाळाला पोसलं जातं की डांबून ठेवलं जातं, यावर अभ्यासक आजही भांडतात. गेडिसनं ठेवलेलं ‘फिलोझून’ हे नाव मात्र अलीकडे एका गटासाठी पुन्हा वापरात आलं आहे.