झोळ हवाच: खांबावरच्या फायबर केबलचं गणित

नाशिकच्या कुठल्याही कॉलनीत मान वर केली की खांबाखांबांवरून गेलेल्या काळ्या केबल दिसतात. काही हाताला लागतील इतक्या लोंबणाऱ्या, काही तंबोऱ्याच्या तारेसारख्या ताठ. लोंबणारी केबल वाईट हे कोणालाही कळतं. ताठ ओढलेली मात्र नीटनेटकी वाटते, आणि फसगत तिथेच होते.

दोन खांबांमध्ये ५० मीटरचा गाळा धरू. केबलचं वजन किलोमीटरला १०० किलो, म्हणजे या गाळ्यात फक्त ५ किलो. मध्यावर अर्धा मीटर झोळ ठेवला तर केबलवर साधारण ६२ किलोचा ताण येतो. झोळ निम्मा केला, २५ सेंटिमीटरवर आणला, की ताण १२५ किलो. पाच किलोच्या केबलवर! कारण वजन तोलायला ताणाचा वरच्या दिशेचा भागच कामी येतो, आणि केबल जितकी आडवी तितका तो भाग लहान. अगदी सरळ केबल ओढायला ताण अनंत लागेल. म्हणून गल्लीबोळातल्या छोट्या गाळ्यांना अंतराच्या सुमारे १ टक्का झोळ ठेवतात.

आता एक आकडा डोळ्यांसमोर ठेवा. अर्धा मीटर झोळ असलेली ही केबल दोन टोकांमधल्या सरळ रेषेपेक्षा किती लांब असते? अवघी १.३ सेंटिमीटर. पकडीतून केबल बोटभर सरकली तरी झोळ जवळपास दुप्पट होतो तो यामुळेच. उलट बाजूही तितकीच खरी. मे महिन्यात दुपारी ४० अंशांत बांधलेली, केबलला पेलणारी ५० मीटर पोलादी तार डिसेंबरच्या पहाटे १० अंशांवर आली की तिला सुमारे १.७ सेंटिमीटर आकसायचं असतं. निफाडकडे तर पारा याहूनही खाली जातो. आकसायला जागा नसते, मग ताण वाढतो. केबलसोबत कंपनी झोळ आणि ताणाचा तक्ता देते. त्यात त्या वेळच्या तापमानाची ओळ पाहूनच ओढायचं.

ताण वाढला म्हणून केबल लगेच तुटत नाही, हीच अडचण आहे. आतला फायबर १२५ मायक्रॉन जाडीचा, केसासारखा. केबलमधल्या नळीत तो किंचित जास्त लांबीचा ठेवलेला असतो, त्यामुळे केबल थोडी ताणली तरी काचेला कळत नाही. ती सवलत संपली की ताण थेट काचेवर येतो, तिच्यावरच्या न दिसणाऱ्या चिरा ओलाव्यात हळूहळू वाढतात, आणि फायबर काही वर्षांनी तुटतो. तोवर बांधणारा कुठल्या कुठे गेलेला असतो.

रस्ता ओलांडताना उंची खांबाजवळ मोजू नये, झोळाच्या तळाशी मोजावी. खाली साडेपाच मीटर मोकळे हवे असतील तर केबल सहा मीटरच्या वरच बांधावी लागते. कांद्याचा ट्रक किंवा चाऱ्याने शीग भरलेली ट्रॉली खांबाला चिकटून जात नाही, रस्त्याच्या मधून जाते.

ओढताना ड्रम जॅकवर ठेवून केबल वरच्या बाजूने सोडायची. दोर केबलच्या आवरणाला बांधायचा नाही. आतल्या पिवळ्या अ‍ॅरामिड धाग्यांना बांधायचा, आणि मध्ये फिरती कडी घालायची, नाहीतर पीळ आत साठत जातो. ओढताना वळणाची त्रिज्या केबलच्या जाडीच्या २० पट, बांधून झाल्यावर १० पट. १२ मिलिमीटरच्या केबलला म्हणजे ओढताना २४ सेंटिमीटर त्रिज्या. कोपऱ्यावर मुठीएवढी कप्पी लावणं हा सरळसरळ गुन्हा मानावा. तिथे अर्ध्या मीटर व्यासाचं चाक किंवा रोलरची रांगच हवी.

शेवटच्या खांबावर आणि मोठ्या वळणावर डेड-एंड ग्रिप येते. ही पीळदार तारांची पकड. तिच्यावरच्या रंगीत खुणा जुळवून दोन्ही पाय एकाच गतीने हातानेच गुंडाळायचे, शेवटची तार खटकन बसेपर्यंत. पक्कड लावली की आवरण दबतं. ग्रिपमध्ये केबल जितकी ओढली जाते तितकी पकड घट्ट होते, आणि दाब हातभर लांबीवर पसरतो. साध्या तारेने करकचून बांधलेल्या केबलला तो सगळा दाब एका रेषेवर सोसावा लागतो. कोपऱ्यावरच्या खांबाला उलट बाजूने स्टे, म्हणजे जमिनीत रोवलेली ताणतार, हवाच, नाहीतर खांब वळणाच्या आतल्या बाजूला कलतो आणि आधी मोजून ठेवलेला झोळ वाया जातो.

विजेबद्दल. काच वीज वाहत नाही, पण आठाच्या आकाराच्या केबलमधली, म्हणजे फायबरच्या नळीला जोडून आलेली, पोलादी तार वाहते. तिला अर्थिंग द्यायचं. विजेच्या लाइनजवळून जायचं असेल तर धातू अजिबात नसलेली एडीएसएस केबल घ्यावी. महावितरणच्या खांबावर परवानगीशिवाय चढायचं नाही, फायबर नेहमी विजेच्या तारांच्या खाली, आणि तारांवरून दोर फेकून केबल ओढायची नाही, कधीच नाही. ओला दोर वीज वाहतो. लोखंडी खांबाला हात लावण्याआधी टेस्टरने पाहायचं. इगतपुरी-त्र्यंबकचा पाऊस सुरू झाला की काम थांबवायचं, त्यात माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे.

दोन केबलचे फायबर जिथे जोडतात त्या जॉइंटपाशी दोन्ही बाजूंना १५-१५ मीटर जादा केबलचा लूप ठेवला की जॉइंटचा बॉक्स जमिनीवर आणून टेबलावर काम करता येतं. बॉक्समध्ये केबल खालून शिरावी. वरून शिरली तर पाणी तिच्या अंगावरून घरंगळत थेट आत. फायबरचे कापलेले तुकडे झाकणाच्या बाटलीत टाकायचे. कातडीत घुसलेली काच दिसत नाही. चालू फायबरच्या टोकात डोकावायचं नाही, तो प्रकाशही दिसत नाही.

शेवटी ओटीडीआरने, म्हणजे फायबरमध्ये प्रकाश सोडून तो कुठे किती घटतो ते दाखवणाऱ्या यंत्राने, १३१० आणि १५५० नॅनोमीटर तरंगलांबीवर, दोन्ही टोकांकडून चाचणी. एखाद्या जागी १५५० वर घट मोठी आणि १३१० वर किरकोळ दिसली तर जॉइंट उघडत बसू नये. तिथे केबल कुठेतरी वाकली आहे किंवा आवळली गेली आहे. यंत्र दाखवतं ते अंतर मात्र काचेचं, रस्त्याचं नाही. वाटेतल्या प्रत्येक जॉइंटच्या लूपचे ३० मीटर त्यातून वजा करायला विसरलं तर माणूस भलत्याच खांबावर चढतो.