लिव्हर कॅन्सर आणि पेशीचे ब्रेक: थोडी पार्श्वभूमी

लिव्हरच्या पेशी एरवी निवांत असतात, विभाजन जवळपास बंदच. पण 1931 मध्ये हिगिन्स आणि अँडरसन यांनी उंदरांचं दोन तृतीयांश लिव्हर कापून काढलं तर उरलेल्या पेशी लगेच कामाला लागल्या, काही दिवसांत लिव्हर जवळपास होतं तेवढं झालं आणि तेवढं झाल्यावर वाढ आपोआप थांबली. मला या सगळ्यात थांबणंच जास्त भारी वाटतं, कारण कॅन्सरमध्ये नेमकं तेच बिघडतं.

आधी कळलं ते पेशीला पुढे ढकलणारं यंत्र. हार्टवेल आणि नर्स या शास्त्रज्ञांनी यीस्टमधले विभाजन चालवणारे जीन्स शोधले, टिम हंटला 1982 मध्ये सी अर्चिनच्या अंड्यांत एक प्रोटीन दिसलं जे विभाजनाआधी साठत जातं आणि मग एकदम गायब होतं, तेच सायक्लिन. ते सीडीके एन्झाइमला चिकटलं की पेशी पुढच्या टप्प्यात जाते. तिघांना 2001 चं नोबेल मिळालं, पण लिव्हरच्या दृष्टीने 1990 मोठं वर्ष, कारण तेव्हा लिव्हरच्या एका ट्यूमरमध्ये हिपॅटायटिस बी व्हायरसचा डीएनए थेट सायक्लिन ए च्या जीनमध्ये घुसलेला सापडला!

ब्रेक नंतर मिळाले, 1993 मध्ये पी21 आणि पी16, 1994 मध्ये पी27. ही प्रोटीन्स सीडीकेला अडवतात. पी21 ला चालू करतं पी53, म्हणजे पेशीला कॅन्सरपासून जपणारं प्रोटीन, आणि बुरशी लागलेल्या धान्यातलं विष अफ्लाटॉक्सिन पी53 च्या जीनमधला 249 वा कोडॉन (डीएनएच्या तीन अक्षरांचा तुकडा) बिघडवतं हे 1991 मध्येच दिसलं होतं, त्यामुळे धागा लगेच जुळला: पी53 बिघडलं की पी21 चा ब्रेक नीट लागत नाही. पी16 ची गोष्ट वेगळी, लिव्हर कॅन्सरमध्ये त्याचा जीन बऱ्याचदा धड असतो, फक्त मिथाइलेशनने, म्हणजे डीएनएवर चिकटलेल्या रासायनिक खुणांनी, गप्प केलेला असतो. पी27 तर पेशीत असूनही न्यूक्लियसबाहेर अडकलं की विभाजन थांबवू शकत नाही. पी21 न्यूक्लियसबाहेर साचलं तर उलट कॅन्सरच्या पेशीला मरण्यापासून वाचवू शकतं, म्हणून नुसतं प्रमाण मोजून निष्कर्ष काढणं मला पटत नाही, ते पेशीत कुठे आहे तेही बघायलाच हवं.

2000 मध्ये गँकिरिन सापडलं. लिव्हर कॅन्सरमध्ये वाढलेलं हे प्रोटीन सीडीके4 ला चिकटून पी16 ची जागा अडवतं, वर आरबी हे विभाजन रोखून धरणारं प्रोटीनही नष्ट करायला लावतं. पी16 चं काम गोळीने करणारं पॅल्बोसिक्लिब 2015 मध्ये अमेरिकेत ब्रेस्ट कॅन्सरसाठी मंजूर झालं, लिव्हरच्या पेशींवरही त्याचे प्रयोग झाले, पण ते चालायला आरबी शाबूत लागतं.