सलाईनचा थेंब आणि पेटंटचं एक वाक्य

मिरजेतल्या कुठल्याही जनरल वॉर्डात रात्री दोन वाजता जाऊन बघा, चार-पाच कॉटपाशी तरी कोणीतरी स्टुलावर बसून मान वर करून बघत असतं. पेशंटचा भाऊ, नाहीतर आई. काय बघत असतात, तर सलाईनची बाटली. सिस्टर एक, पेशंट तीस, त्यामुळे बाटली संपायच्या आत हाक मारायची जबाबदारी घरच्यांचीच होऊन बसते. जतहून, अथणीकडनं आलेली माणसं, दिवसभर रिपोर्ट आणि औषधांसाठी पळून दमलेली, आणि रात्री झोपायचं नाही. "ओ मॅडम, संपली की बाटली, हवा जाईल की आत!" ही हाक मी इतक्या वेळा ऐकलीये की माझं पुढचं सगळं काम तिथनंच सुरू झालं म्हटलं तरी चालेल.

मी सांगलीत इलेक्ट्रॉनिक्स शिकले आणि मिरजेत बायोमेडला लागले. बायोमेड म्हणजे मॉनिटर बंद पडला, सक्शन मशीन ओढत नाही, ईसीजीच्या रेषा थरथरतायत, की ज्यांना फोन जातो ते आम्ही. लोकांना वाटतं नवीन उपकरणं लॅबमध्ये सुचतात. मला तरी वॉर्डात, गुडघ्यावर बसून कॉटखालचा प्लग काढताना सुचलं.

आधी त्या हवेच्या भीतीबद्दल. बाटली रिकामी झाली की हवा सरळ हृदयात जाते असं बहुतेकांना वाटतं, पण साध्या लटकवलेल्या सलाईनमध्ये बऱ्याचदा तसं होत नाही, नळीतलं पाणी खाली उतरत उतरत शिरेतल्या दाबाशी बरोबरीला येतं आणि तिथंच थांबतं. खरा त्रास त्यानंतर होतो. रक्त उलटं नळीत चढतं, सुईत गोठतं, आणि मग ती सुई काढून दुसरीकडे टोचायची. म्हाताऱ्या माणसाच्या हातावर आधीच चार ठिकाणी निळं पडलेलं असताना पाचव्यांदा शीर शोधणं काय असतं ते ज्यांनी बघितलंय त्यांना सांगायला नको.

आणि नुसती संपण्याचीच गोष्ट नाही, वेगाचंही आहे. नेहमीच्या सेटमध्ये २० थेंब म्हणजे १ मिली. ५०० मिलीची बाटली ४ तासांत द्यायची तर मिनिटाला साधारण ४२ थेंब पडले पाहिजेत. सिस्टर घड्याळ बघून थेंब मोजतात, नळीवरचं छोटं चाक म्हणजे रोलर फिरवून सेट करतात आणि पुढच्या कॉटकडे जातात. पण तो वेग तसा राहत नाही! बाटलीतली पातळी उतरली की दाब कमी होतो, पेशंटनं हात वर घेतला की कमी होतो, शिवाय रोलरखाली दाबलेली प्लॅस्टिकची नळी हळूहळू आकार बदलत राहते त्यामुळे कोणी हात न लावताही वेग सरकतो. मोठ्या माणसाला थोडं इकडेतिकडे चालतं, पण लहान पोराला किंवा हार्टच्या पेशंटला नाही चालत. इन्फ्युजन पंप, म्हणजे ठरवलेल्या वेगानं सलाईन ढकलणारं मशीन, हे सगळं सांभाळतो, पण प्रत्येक कॉटला पंप ठेवणं परवडणारं नाही.

म्हणून एक क्लिप करायची ठरवली. ज्या पारदर्शक नळकांड्यात थेंब पडताना दिसतात ना, त्या ड्रिप चेंबरला बाहेरून लावायची, एका बाजूला इन्फ्रारेड एलईडी, म्हणजे डोळ्याला न दिसणाऱ्या उजेडाचा बारीक दिवा, आणि समोर सेन्सर. थेंब साधारण साडेचार मिलिमीटरचा असतो आणि तो किरणासमोरून सात-आठ मिलिसेकंदांत जातो, तेवढा वेळ उजेड हलतो, की एक मोजायचा. घरच्या टेबलावर एकदम मस्त चालली. वॉर्डात लावली आणि दुपारी चारला पश्चिमेच्या खिडकीतनं ऊन आलं, की सेन्सरला काही दिसेनाच. मग एलईडी सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करायला लावला आणि बंद असताना दिसणारा उजेड चालू असतानाच्या उजेडातनं वजा केला, म्हणजे उरतो तो फक्त आपला. ऊन गेलं, तर पेशंट कुशीवर वळला! नळी ओढली गेली, चेंबर तिरकं झालं, थेंब किरण चुकवून भिंतीवरनं घसरायला लागले, आणि क्लिप ठणाणा बोंबलायला लागली की सलाईन थांबली. दोन दिवसांनी गेले तर क्लिप ड्रॉवरमध्ये. सिस्टर म्हणाल्या, "मॅडम, उगीच वाजतंय ओ, खरं कधी आणि खोटं कधी कळंना, म्हणून काढून ठेवली." मला हे वाक्य कुठल्याही रिपोर्टपेक्षा जास्त शिकवून गेलं. खोटा अलार्म हा छोटा दोष नाहीये, त्यानं खरा अलार्मसुद्धा मरतो.

त्यातनं दोन किरणांची कल्पना आली. एकमेकांना काटकोनात छेदणारे दोन किरण ठेवायचे, थेंब दोन्हीत दिसला तर सगळं ठीक, एकातच दिसला तर चेंबर तिरकं झालंय, तेव्हा बोंबलायचं नाही, फक्त पिवळा दिवा लावायचा.

आता पेटंट. मी ही क्लिप एका प्रदर्शनात मांडायला निघाले होते, आमच्या जुन्या सरांनी अडवलं, म्हणाले आधी पेटंटचा अर्ज फाईल कर मग दाखव. कारण अर्ज करायच्या आधी शोध जगजाहीर झाला तर, काही ठरावीक अपवाद सोडले, तो नवीन राहत नाही. सांगलीकरांना हे हळदीवरनं पटकन कळेल. १९९५ मध्ये अमेरिकेत जखमेवर हळद लावण्याचं पेटंट दिलं गेलं होतं, आपल्या सीएसआयआरनं, म्हणजे सरकारी वैज्ञानिक संशोधन परिषदेनं, आव्हान दिलं, जुने ग्रंथ आणि १९५३ चा एक भारतीय वैद्यकीय शोधनिबंध पुढं ठेवला, आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं. आपली आजी जे करायची ते कुठंतरी लिहिलेलं सापडलं म्हणून वाचलो.

तोच नियम मलाही लागू. एकट्या माणसाला अर्जाची ऑनलाईन फी १६०० रुपये, आधी प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता, अर्ज करून तारीख धरून ठेवता येते आणि पूर्ण तपशील १२ महिन्यांत द्यायचा. त्या १२ महिन्यांत मी जुनी पेटंट शोधत बसले आणि पोटात गोळा आला, कारण उजेडानं थेंब मोजणारी उपकरणं १९७० च्या दशकातच पेटंट झालेली. म्हणजे माझी अर्धी क्लिप जुनीच होती. पेटंट ऑफिसच्या परीक्षकांचं पत्रही तसंच आलं, एक तर हे आधीचंच आहे, आणि दुसरं म्हणजे पेटंट कायद्याचं कलम ३(एफ), माहीत असलेल्या वस्तूंची नुसती जोडाजोड.

पेटंटचा जीव क्लेममध्ये, म्हणजे आपला हक्क नेमका कशावर ते सांगणाऱ्या कलमात, असतो. प्रत्येक क्लेम म्हणजे एकच वाक्य, कितीही लांब, आणि त्यात जेवढं लिहिलंय तेवढंच तुमचं. आम्ही "थेंब मोजणारं उपकरण" सोडून दिलं आणि उत्तर लिहिताना काटकोनातले किरण, एकातच थेंब दिसल्यावर होणारा वेगळा इशारा, आणि त्यामुळं खोटे अलार्म कसे कमी होतात, ह्यावरच सगळा भर दिला. हक्काचा तुकडा लहान झाला, पण खरोखर आमचा असलेला तेवढाच होता, आणि तो मिळाला. अर्जाच्या तारखेपासून २० वर्षं, आणि फक्त भारतात.

घरी सगळे म्हणाले, आता विका की! पण पेटंटनं दुसऱ्याला अडवायचा हक्क मिळतो, विकायचा परवाना नाही मिळत. त्याला २०१७ चे मेडिकल डिव्हाइस रूल्स आहेत, धोक्याप्रमाणे ए ते डी असे वर्ग, आणि चाचण्यांचं सगळं बाड वेगळंच. (मामांनी विचारलं, मिरजेच्या सतारीला २०२४ मध्ये मिळालं तेच का हे? नाही, ते जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, ते इथल्या कारागिरांचं सगळ्यांचं मिळून असतं आणि दर १० वर्षांनी वाढवता येतं.)

सध्या अडलंय ते प्लॅस्टिकवर. वॉर्डातल्या मावशी प्रत्येक पेशंटनंतर क्लिप स्पिरिटनं पुसतात, आणि पुसायलाच पाहिजे, पण आमच्या अॅक्रिलिकच्या खिडकीवर त्यानं केसासारख्या बारीक चिरा पडायला लागल्या आणि किरण विखुरायला लागला. आता दुसऱ्या प्लॅस्टिकचे बारा नग केलेत. रोज सकाळ, दुपार, संध्याकाळ स्पिरिटचा बोळा फिरवते आणि भिंगाखाली बघते, आज एकेचाळिसावा दिवस, अजून चीर नाही.