जुना ऑर्गन दुरुस्तीला आणण्यापूर्वी

वाड्याच्या माळ्यावर, बंद पडलेल्या नाटक कंपनीच्या सामानात किंवा उपासना थांबलेल्या एखाद्या चर्चच्या कोपऱ्यात ऑर्गन सापडला, की बहुतेक जण भंगारवाल्याला बोलावतात. तो दारात येण्याआधी एवढे वाचा.

मुंबईच्या सेंट थॉमस कॅथीड्रलमध्ये आहे तसा नळ्यांचा मोठा ऑर्गन आम्ही हाताळत नाही. आपल्या भागात सापडते ती बहुधा पायपेटी. तिच्यात नळ्या नसतात, पितळी सूर असतात, म्हणजे हवेने थरथरून वाजणारी जीभ असलेल्या रीड. पाच सप्तकांच्या पेटीला ६१ पट्ट्या. सुरांचे दोन संच असतील तर १२२ सूर. एकट्या एस्टी कंपनीने अमेरिकेतल्या ब्रॅटलबरो गावात असे पाच लाखांवर ऑर्गन केले. मिशनच्या चर्चमध्ये गीतांना हाच वाजे आणि गंधर्व नाटक मंडळीच्या पदांनाही साथ ऑर्गनचीच असे. चर्चमधून आलेल्या पेटीवर नाट्यपद वाजवून पाहा, काही वेगळे करावे लागत नाही.

आपली हार्मोनियम हवा सुरांतून बाहेर ढकलते. पायपेटीचा भाता उलटा चालतो, तो हवा सुरांतून आत ओढतो. त्यामुळे तिचा आवाज मऊ आणि भरीव लागतो. हे माहीत नसले की भात्याला रेक्झिन चिकटवले जाते, ते ताठ पडते आणि पेटी धापा टाकू लागते. आम्ही रबर लावलेले कापड वापरतो आणि ते सरसानेच चिकटवतो. सरस गरम पाण्याने सुटतो, म्हणजे पन्नास वर्षांनी कुणाला भाता उघडायचा झाला तर लाकूड फाडावे लागणार नाही. पावसाळ्यात सरस नीट वाळत नाही, म्हणून भात्याचे काम दसऱ्यानंतरच घेतो.

घरी एक परीक्षा करता येते. सुरांचे संच चालू-बंद करणारे सगळे खटके (स्टॉप) आत ढकला, एकही पट्टी दाबू नका आणि पाय मारा. पायटे जड होत गेले तर भाता शाबूत आहे. शेवटपर्यंत हलकेच राहिले तर हवा गळते आहे.

एखादा सूर मुका झाला म्हणून पेटी मेली असे समजू नका. कोकणातल्या एका चर्चमधून आलेल्या पेटीत नऊ सूर बोलत नव्हते. आकड्याने एकेक ओढून काढला, तर सात जणांच्या जिभेखाली फक्त धूळ आणि कसरीने खाल्लेल्या बनातीचा भुगा होता. मऊ ब्रशने झाडल्यावर ते बोलले. उरलेल्या दोघांच्या जिभा तुटल्या होत्या, त्या नव्या बसवल्या.

सूर मिळवताना जिभेचे टोक घासले की सूर चढतो, बुडाशी घासले की उतरतो. घासलेले पितळ परत येत नाही, म्हणून पेटीची जुनी पट्टी, म्हणजे स्वराची उंची, आजच्या ४४० हर्ट्झच्या प्रमाणाला आणण्याचा आग्रह आम्ही सहसा मोडून काढतो. सगळे सूर आपसांत जुळलेले असतील तर पेटी आहे त्या पट्टीत ठेवावी. कीबोर्डबरोबरच वाजवायची असेल तर आधी सांगा, बोलून ठरवू.

आणताना पेटी उभीच ठेवा. वरचा नक्षीचा भाग स्क्रू काढून वेगळा बांधा, पायटे दोरीने आवळा आणि चार माणसे घ्या. पॉलिश करून आणू नका. आत सापडलेले चिटोरे, नाणी, नंबर लिहिलेला कागद फेकू नका, नंबरावरून बरेचदा पेटीचे साल कळते. अंदाजपत्रक पेटी तुमच्यासमोर उघडून झाल्यावर लेखी देतो.