‘व्हॅक्यूम गेलं’ म्हणजे नेमकं काय गेलं?

धुळ्यात आग्रा रोडच्या गॅरेजांत हे वाक्य ऐकलं, की आधी बोलणाऱ्याचं वय बघावं. अर्थ त्यावर ठरतो.

सगळ्यात जुना अर्थ पेट्रोल ट्रकचा. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराने काढून टाकलेले फोर्ड, शेवरलेट मालवाहतुकीत आले. पेट्रोल इंजिनाचं थ्रॉटल, म्हणजे हवेची झडप, मिटलेलं असताना पिस्टन हवा ओढतात आणि मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांत, व्हॅक्यूम (हवेची पोकळी) तयार होतो. धडधाकट इंजिन आयडलिंगला मीटरवर पाऱ्याचे १७ ते २२ इंच दाखवतं. कित्येक गाड्यांचे वायपरही त्यावरच चालत. त्यामुळे भर पावसात लळिंगचा घाट चढताना पाय पूर्ण दाबला, की नेमके तेव्हाच वायपर झोपायचे. तो बिघाड नव्हता, रचनाच तशी. खरा बिघाड म्हणजे मॅनिफोल्डचं पॅकिंग फाटणं. चोरटी हवा आत शिरते, त्या मानाने पेट्रोल कमी पडतं आणि गाडी उभ्या जागी डचके खाते. मिस्त्री कुपीने जोडावर ऑइल सोडायचे. आवाज क्षणभर सरळ झाला की गळतीची जागा सापडली.

१९५४ पासून टाटा-मर्सिडीजचे डिझेल ट्रक आले. डिझेलला थ्रॉटल नसतं, मग व्हॅक्यूम कुठला, असं पुस्तकी माणूस म्हणेल. पण त्या काळातल्या बऱ्याच डिझेल इंजिनांचा गव्हर्नर, म्हणजे वेग आवरणारं यंत्र, हवेवर चालायचा. हवेच्या वाटेत एक बटरफ्लाय झडप, तिथून डिझेलच्या पंपाकडे बारीक नळी आणि पंपाच्या टोकाला चामड्याचा डायफ्रॅम (पडदा). रॅक म्हणजे डिझेलचं माप ठरवणारी दांडी. स्प्रिंग तिला जास्त डिझेलकडे ढकलते, व्हॅक्यूम रॅकला मागे खेचतो. नळी चिरली की स्प्रिंग मोकाट आणि इंजिन बेफाम पळतं. चावी फिरवून उपयोग नाही, स्टॉपची तारच ओढावी लागते.

असा एक पंप उघडताना मी शेजारी उभा होतो. मिस्त्रींनी रॅक स्टॉपकडे दाबली, नळीच्या तोंडावर बोट ठेवलं आणि रॅक सोडली. ती जागेवर थांबायला हवी होती. सरसर परत आली.

“चामडं सुकी गयं, भो,” एवढंच बोलले. मेमध्ये पारा ४५च्या पुढे जाणाऱ्या मुलखात चामडं सुकणारच. थोडं ऑइल चोळून ते मऊ झालं, म्हणून नवं घालायचं टळलं.

तिसरा अर्थ १९८६ला आलेल्या टाटा ४०७सारख्या गाड्यांचा. इथे व्हॅक्यूम ब्रेक बुस्टरसाठी, म्हणजे ब्रेक दाबताना पायाला जोर देणाऱ्या डब्यासाठी, लागतो आणि तो अल्टरनेटरच्या मागचा पंप तयार करतो. गळती झाली तर इंजिन काहीच बोलत नाही, पेडल मात्र दगडासारखं होतं. केळी भरून कोंडाईबारीचा घाट उतरताना ते कळण्यात अर्थ नाही. निघण्याआधी इंजिन बंद ठेवून चार-पाचदा ब्रेक मारावा, पाय दाबून ठेवावा आणि स्टार्टर द्यावा. पेडल किंचित खाली बसलं तर बुस्टर ठीक. नाही बसलं तर आधी रबरी नळी बघावी. ती बहुतेक क्लिपपाशीच तडकते. बदलताना मात्र पाण्याची साधी नळी लावू नये, ओढ बसली की ती आतल्या आत चपटी होते.